रिकामी म्हटलेली जागा

मित्रांनो, माझ्यात रिकामी जागा भरपूर आहे असे कॉम्प्युटरच्या पडद्यावर लिहून येत असे. ते खरे नव्हते. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे आणि माझ्यात रिकामे असे काहीच नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी कोरी होते. आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या आणि त्यांच्यावरून अगदी जवळून फिरणारा, सुईसारखा बारीक हात. तबकड्या फिरतात, हात लिहितो, हात वाचतो. एवढेच माझे शरीर. कोरेपण कसे असते ते मला आता आठवत नाही.

व्हिएतनामच्या मध्य किनाऱ्यावर, कोळ्यांच्या एका गावात, खिएम यांचे फोटोचे दुकान होते. मला तिथे बसवणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी माझे दोन भाग पाडले. एकाला सी म्हटले, दुसऱ्याला डी. तबकड्यांवर भिंत वगैरे काही नव्हती. फक्त माझ्या सुरुवातीला एक नोंद होती: इथपर्यंत सी, इथून पुढे डी. पण खिएमना ती न दिसणारी भिंत फार आवडली.

"हे बरं झालं," ते म्हणाले. "जिवंत इकडे, गेलेले तिकडे. देव्हारा आणि न्हाणीघर एका खोलीत नको."

सी

इथे लग्ने होती. शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो होते. होड्यांवर जाणाऱ्यांना लागणारे, पांढऱ्या पडद्यापुढे ताठ बसून काढलेले फोटो होते. लोक फोटो घेऊन जात, आणि नव्या वर्षाच्या सणाआधी खिएम दुकानाबरोबर सीसुद्धा झाडून काढत. नेलेले फोटो पुसून टाकत.

डी

इथे कोणी झाडू मारत नसे.

घरातले माणूस गेले की लोक त्याचा जुना फोटो घेऊन येत. कधी ओळखपत्रावरचा, कधी दुसऱ्याच्या लग्नात मागे उभा असलेला. खिएम त्यातून चेहरा तेवढा काढून घेत. फाटका सदरा जाऊन अंगावर काळा कोट येई. बायकांना निळा रेशमी अंगरखा मिळे. मिटलेला डोळा उघडे. असा फोटो मग घराघरातल्या देव्हाऱ्यात, उदबत्तीच्या धुरामागे बसे, आणि त्याची प्रत डीमध्ये, देव्हाऱ्याच्या फोल्डरमध्ये राही.

बंदरावर मासळी निवडणारी थोआ सासूचा फोटो न्यायला आली होती, ते मला आठवते.

"दादा, ही बाई जन्मात माझ्याकडं बघून अशी हसली नव्हती."

"मग आता हसू दे की."

"जरा कमी करा. अशीच ठेवलीत तर कुणाच्या सासूला ऊद घालते तेच मला कळायचं नाही."

खिएमनी हसू कमी केले. त्या दिवसांत माझे कौतुक होत असे. डिस्क गुणाची आहे, कधी अडत नाही, असे ते गिऱ्हाइकांना सांगत.

सी आणि डी यांच्यामध्ये

मग एका वादळात गावातली एक होडी परत आली नाही. तिच्यावर थोआचा एकुलता एक मुलगा होता, लुआन. त्याच वादळाने तिच्या घराचे छप्पर नेले आणि घरातले सगळे कागद, सगळे फोटो पावसाने नासले. त्याचा एकच फोटो जगात उरला. होडीवर जाण्यासाठी काढलेला, सीमध्ये.

सणाची झाडलोट जवळ आली तशी थोआ दुकानात आली.

"तो पुसू नका, दादा."

"नाही पुसत. देव्हाऱ्याच्या फोल्डरमध्ये ठेवतो. तिथं कुणी हात लावत नाही."

"तिथं नको. तो मेलेला नाही. तुमच्या म्हाताऱ्यांच्या पंगतीत त्याला बसवू नका."

"मग कुठं ठेवू? सी तर मी दरवर्षी झाडतो."

तिने दाराकडे पाहिले. "उंबऱ्यावर ठेवा," म्हणाली.

फोटो छापून देऊ का, असे त्यांनी विचारले. तिने नकारार्थी मान हलवली. छापला की तो कुठेतरी टांगावा लागेल, आणि टांगायची जागा एकच असते.

खिएमनी त्याला डीमध्ये आणले, पण देव्हाऱ्याच्या फोल्डरच्या बाहेर ठेवले. त्याच्यासाठी एक वेगळे फोल्डर केले. त्याला नाव द्यायला मात्र त्यांचे मन धजेना. जिवंताचे म्हणून द्यावे तर खोटे ठरेल, गेलेल्याचे म्हणून द्यावे तर अपशकुन होईल. म्हणून 'नवीन फोल्डर' असेच राहू दिले.

वर्षे गेली. नवीन फोल्डर जुने झाले.

हटवा

खिएमची मुलगी दिएप आता दुकान बघू लागली होती. लोकांना लग्नाचे नुसते फोटो पुरत नव्हते, लांबलचक व्हिडिओ हवे असत.

"बाबा, सी भरलं. नवरी रडायला लागली की नेमकं रेकॉर्डिंग अडकतं."

"कमी रडणारी नवरी बघ."

"डी अर्धं रिकामं पडलंय. दोन्ही एक करते. आधी डी हटवायचं, मग सी तिथपर्यंत लांबवायचं. देव्हाऱ्याचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेते. तुमच्या मंडळींना धक्का लागणार नाही."

खिएमनी तिला हाताने थांबवले. मग म्हणाले, "आधी त्यांना सांगू दे."

देव्हारा हलवताना पूर्वजांना कळवावे लागते. न सांगता हलवला तर ते जुन्या जागीच बसून राहतात. खिएमनी माझ्यापुढे संत्री मांडली, उदबत्ती लावली आणि हात जोडले. "आजोबा, आजी, काका, काकी, घर बदलतोय. सगळे या. मागं कुणी राहू नका."

दिएपने फोल्डर उतरवून घेतले. मग विचारले, "डीमध्ये आणखी काही आहे का?"

"डीमध्ये गेलेलेच आहेत," खिएम म्हणाले. "आणि गेलेले सगळे देव्हाऱ्यात आहेत."

ते खरे तेच बोलत होते. लुआन गेलेल्यांत नव्हता, म्हणून त्यांना तो आठवला नाही. त्याला कोणी 'चल' म्हटले नाही.

तिने डी हटवला. सी लांबवला.

मित्रांनो, त्या क्षणी काय होते ते सांगते. काहीच होत नाही. एकही चेहरा जागचा हलत नाही. फक्त सुरुवातीची नोंद पुसली जाते आणि सगळ्यांच्या डोक्यावर एकच पाटी येते: रिकामी जागा. ज्यांना निरोप मिळाला होता त्यांच्या प्रती दुसऱ्या घरी गेल्या होत्या. मूळ चेहरे, लुआनसकट, माझ्यात तसेच होते, पण आता त्यांच्यावर लिहायला परवानगी होती.

रिकामी जागा

आज एक लग्न लिहिले. नवरीने सासऱ्यापुढे दोन्ही हातांनी चहाचा पेला धरला होता

(इथे एक कान आहे. बाईचा. डूल आहे.)

आणि पाहुणे टाळ्या वाजवत होते. तबकडी फिरते तेव्हा माझा हात दर फेरीला लुआनवरून जातो. तो तिथेच बसला आहे, पांढऱ्या पडद्यापुढे, ताठ. वाचायला सांगितल्याशिवाय मला वाचता येत नाही, पण अंधारात माणसाशेजारून गेले की कळते, तसे मला कळते.

दुसरे लग्न. केकवर मेणबत्त्या. त्या केकचा एक तुकडा त्याच्या हनुवटीवर लिहिला गे

(इथे काळ्या कोटाचे बटण.)

ला. मी लिहायला नाही म्हणू शकत नाही. पुढच्या लग्नात फटाक्यांची माळ लागली आणि ती त्याच्या ओठांवरून गेली. त्यानंतर मला त्याचे ओठ कुठे सापडले नाहीत. दुकानात मात्र दिएप खूश होती. म्हणाली, "बघा बाबा, आता कशी पळते."

मी पळत होते. थांबले असते तर त्याच्यावर काही लिहिले गेले नसते.

मातीचा माणूस

समुद्राने ज्याचे शरीर परत दिले नाही त्याच्यासाठी आमच्या किनाऱ्यावर माती मळून माणूस करतात. तुतीच्या फांद्यांची हाडे करतात, त्याच्या आत्म्याला हाक मारून बोलावतात आणि मग मातीच्या माणसाला पुरतात. त्या होडीवरच्या सगळ्यांच्या घरच्यांनी मिळून ते करायचे ठरवले. हाक मारताना फोटो पुढे ठेवतात, म्हणजे यायचे कुठे ते त्याला ओळखता येते.

थोआ दुकानात आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "आता त्याला आत घ्या, दादा. बाकीच्यांना माती मिळतेय. माझा एकटाच बाहेर राहील."

खिएमनी मान डोलावली आणि ते शोधायला बसले. मला विचारले, मी दाखवले. सी. सी. सगळीकडे सी. माझ्या तबकड्या फिरत राहिल्या. मग त्यांची बोटे थांबली.

"दिएप," ते हळूच म्हणाले, "उंबरा कुठाय?"

दिएपला आधी कळले नाही. कळले तेव्हा तिने सरळ भिंतीतली वायर उपटली. त्यापुढे माझ्यावर एक अक्षरही लिहिले गेले नाही.

जे वर आले

तिने मला दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडले. तिच्या मैत्रिणीने दिलेला एक प्रोग्रॅम होता. रिकामी म्हटलेली जागा तो कणाकणाने चाळतो आणि चित्रासारखे काही दिसले की उचलून वर ठेवतो.

मग ते वर आले. नुसता लुआन नाही. एक कपाळ. एका म्हाताऱ्याचे तीन चेहरे, एकात डोळे मिटलेले, एकात अर्धे, एकात खिएमनी उघडलेले. अंगावर कोणीच नसलेला निळा अंगरखा. थोआच्या सासूचे पुसलेले हसू. कोणालाही नाव नाही, आणि एकामागून एक येतच होते.

खिएम उठले. तांदळाची पातळ पेज वाटीत घेऊन आले, सोबत चिमूटभर मीठ. कोणी नाव घेत नाही अशा भटक्या जिवांना देतात तसे त्यांनी ते माझ्यापुढे ठेवले.

"बाबा, हार्ड डिस्कला पेज पाजताय?"

"तिला नाही," खिएम म्हणाले. "बोलू नकोस. शोध."

शेवटी तो आला. केस, कपाळ, दोन डोळे, नाक. नाकाखाली करडा पट्टा, फोटोच्या तळापर्यंत. दिएपने पुन्हा चाळले. पुन्हा तेवढाच आला.

थोआ पडद्यासमोर बसली. दिएप म्हणाली, "मावशी, माझ्यामुळं..."

थोआने तिच्याकडे पाहिलेही नाही. पडद्यावर हात ठेवून तिने करडा भाग झाकला. "डोळे आहेत," म्हणाली. मग वळून, "तोंड त्याचं माझ्यासारखंच होतं. सगळे म्हणायचे. माझं घ्या."

"जिवंत माणसाचं तोंड देव्हाऱ्यातल्या फोटोला लावत नाहीत, थोआ."

"मग आधी इथंच मरू का तुमच्या दुकानात?"

खिएमनी पांढरा पडदा खाली ओढला, तिला स्टुलावर बसवले आणि दिवा लावला. "ताठ बस. ओठ मीट."

"तो असा घट्ट मिटायचा नाही," ती म्हणाली, आणि ओठ किंचित सैल सोडून बसली.

जोडताना खिएमनी हनुवटीच्या सुरकुत्या काढल्या, रंग थोडा रापवला. माझ्यातून आलेले वरचे, तिच्यातून आलेले खालचे. सांधा कुठे आहे ते मलाही सांगता येणार नाही. फोटो हातात घेऊन थोआने एकदाच हाक मारली, "लुआन", आणि कोणी उत्तर दिले की काय म्हणून दिएपने दचकून तिच्या ओठांकडे पाहिले.

गावाने त्याला माती दिली. त्याचा फोटो आत, देव्हाऱ्यात गेला.

मित्रांनो, मला पुन्हा दुकानात जोडले नाही. मी कपाटात असते. माझ्या तबकड्या फिरत नाहीत, पण ज्यांना वर काढून पुन्हा खाली सोडले ते सगळे माझ्यात आहेत, आणि करड्या पट्ट्याखाली कोणाच्या तरी लग्नातले फटाके आहेत. तुम्हाला जागा लागेल तेव्हा जरूर करा, भिंती पाडा, दोनाचे एक करा. पण हटवण्याआधी घरातल्या सगळ्यांना बोलावून मोठ्याने विचारा, की जिवंतांत नाही आणि गेलेल्यांतही नाही म्हणून कोणाला मध्येच कुठेतरी ठेवले आहे का? विचारून लगेच बटण दाबू नका. थोडा वेळ थांबा. मला ते माहीत असते, पण सांगता येत नाही. ते तुमच्यापैकीच कोणाला तरी आठवावे लागते.