येर्सन कडेवरून कधी उतरणार?

येर्सनची बेंबी पेरिकोच्या नखाने भरलेली आहे, हे नदीकाठच्या त्या अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं. त्याला जगात आणलं ते त्याच्या आजीने, फिदेलिनाने. नाळ गळून पडल्यावर ओल्या बेंबीत नखाची पूड चोळली तीही तिनेच. पेरिको म्हणजे झाडाला उलटा लटकून दिवस काढणारा तो संथ प्राणी. एकदा फांदी धरली की वादळ आलं तरी सोडत नाही. नातवाची पकड तशी व्हावी, वल्हं हातातून कधी सुटू नये, एवढाच तिचा हेतू होता. पण पोराने पेरिकोचा नेमका दुसराच गुण उचलला, असं लोक म्हणत. दीड वर्ष उलटून गेलं तरी येर्सन चालेना. आजीच्या कडेवर बसून तो गावभर फिरे आणि भेटेल त्याच्याकडे मोठ्या रुबाबात बघे.

"मावशी, नख जरा जास्तच पडलं वाटतं!" होडीवाला क्रिसांतो धक्क्यावरून ओरडे. "मुंगी चोळायची होती. पाय तरी हलले असते."

"तुझ्या आईने तुला पोपट चोळला होता, ते ऐकू येतंय बरं आम्हाला," फिदेलिना चालता चालताच म्हणे, आणि धक्क्यावरच्या बायका तोंडावर हात धरून हसत.

हसण्यावारी जाई म्हणून बरं होतं. कारण खरी गोष्ट फिदेलिनाच्या पोटात होती. तिची मुलगी युरलेनी दूर मेदेयिन शहरात शिवणकामाच्या कारखान्यात होती. नाताळला आली तेव्हा जाताना म्हणाली होती, "आई, चालायला लागला की मी त्याला नेते. माझ्या खोलीजवळची बालवाडी चालणारीच मुलं घेते. तोवर सांभाळ."

फिदेलिनाने मान डोलावली. आणि तेव्हापासून पोराचे पाय जमिनीला लागलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. ती हे मुद्दाम करत होती असं म्हणावं, तर तसं नाही. आणि तिला काहीच कळत नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. फळ्यांच्या फटीत पाय अडकेल, कोंबडी टोचेल, चिखल आहे, ऊन आहे. कारणांना काय तोटा! चार लेकरं वाढवून नदीपार पाठवलेल्या बाईच्या घरात हे एवढंच एक उबदार ओझं उरलं होतं, आणि ते खाली ठेवायची तिची तयारी नव्हती.

सकाळी मात्र ती शेतावर जाताना त्याला देयानिराकडे सोडी. देयानिराच्या घराची पुढची खोली म्हणजेच वस्तीची बालवाडी. आईबाप नदीवर किंवा रानात गेले की कडेवरची, रांगती, पळती अशी सगळी पोरं तिच्याकडे. भिंतीलगत एक बुटकं बाकडं, खाली चटया, मधोमध भोपळ्याची भांडी, नारळाच्या करवंट्या आणि लाकडाच्या चकत्या. स्वयंपाकघरातून शिजत्या केळ्यांचा वास. देयानिरा स्वतः खोलीच्या कडेला मांडी घालून बसे आणि बघत राही.

फिदेलिनाला ते बघणंच खटके. "हात धरून जरा उभं तर कर त्याला," ती एकदा म्हणाली.

"नाही हं मावशी. जे पोर आपलं आपण उठत नाही, त्याला उठवून उभं करायचं नाही. आपण उभं केलं की ते आपल्या हातावर उभं राहतं, पायावर नाही."

"मग तू काय करतेस दिवसभर?"

"वाट बघते."

"अरे वा! वाट बघायला शिकवतात होय तुम्हाला त्या बालवाडीच्या शिबिरात? आम्ही आपल्या घरीच शिकलो."

देयानिरा मनापासून हसली. फिदेलिनालाही हसू आलं. तिला वाटलं, जिंकले.

पुढच्याच आठवड्यात देयानिराने तिला दारात गाठलं. "मावशी, उद्या दुपारी न्यायला याल ना, तर मागल्या दाराने या. स्वयंपाकघरातून. आणि कृपा करून तोंड मिटून."

"का गं? माझ्या तोंडाने तुझं काय बिघडवलंय?"

"या तर खरं."

दुसऱ्या दिवशी फिदेलिना मागून आली. चुलीवर मासा उकळत होता. देयानिराने तिला भिंतीच्या फळ्यांमधल्या फटीशी उभं केलं.

येर्सन बाकड्याला धरून उभा होता. नुसता उभा नव्हता. एक हात पुढे सरकवायचा, मग पाऊल, मग दुसरं पाऊल. असा तो बाकड्याच्या या टोकापासून त्या टोकाला निघाला होता. टोकाला मायेर्लिस नावाची चिमुरडी करवंटीत पाणी ढवळत बसली होती, त्याला त्या करवंटीत हात घालायचा होता. पोहोचला, हात घातला, मायेर्लिसने चापट मारली. तो रडला नाही. वळून दुसऱ्या बाजूने निघाला. त्याच्या नडग्या चांगल्या टणक दिसत होत्या. हे आजचं चालणं नव्हतं.

फिदेलिनाच्या छातीत आनंद असा उसळला की ती मिटलेलं तोंड विसरली. "माझं सोनं गं!"

पलीकडे धप्पकन आवाज झाला. येर्सन जमिनीवर बसला होता. दोन्ही हात वर, तोंड रडवेलं, नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे. जणू जन्मात कधी उभाच राहिला नव्हता.

देयानिराने कपाळाला हात लावला. "बघितलंत? रोज हेच. तुमची चाहूल लागली की महाराज बसलेच."

"म्हणजे मला फसवतोय?"

"छे हो. त्याला वाटतं तुम्हाला असंच आवडतं."

हे वाक्य फिदेलिनाला लागलं. पोराला उचललं आणि घरी निघाली. वाटेत क्रिसांतोने मुंगीचा विनोद पुन्हा काढला, तिने उत्तर दिलं नाही. क्रिसांतोला काळजीच वाटली.

त्या संध्याकाळी तिने येर्सनला चटईवर ठेवलं आणि समोर बसली. त्याने हात वर केले. ती बघत राहिली. त्याने ओठ काढला. तिने उचललं. पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. वाट बघायला घरीच शिकलो म्हणणाऱ्या बाईला उकडलेलं केळं सोलायला लागतो तेवढा वेळही वाट बघता येईना. स्वतःचाच राग आला तिला. पोटच्या पोरीला शब्द दिला होता आणि या एवढ्याशा जिवाला लबाडी शिकवली होती, तीही प्रेमाने.

सकाळी ती शेतावर गेली नाही. देयानिराच्या खोलीत जाऊन बाकड्यापासून हातभर लांब जमिनीवर बसली.

"मला शिकव," ती म्हणाली. "हातांचं काय करू?"

"मांडीखाली घाला."

फिदेलिनाने खरंच दोन्ही तळवे मांडीखाली दाबले. येर्सन तिच्यापुढे बसून हात वर करून ओरडला. मग रडला. मग रडताना मध्येच थांबून, आजीचे हात गेले कुठे म्हणून तिच्या आजूबाजूला बघू लागला. "बोला त्याच्याशी," देयानिरा खोलीच्या कडेला बसून म्हणाली. "हात नाहीत तर आवाज द्या." फिदेलिनाने वल्हवताना म्हणायचं गाणं हळू आवाजात धरलं. बाकीची पोरं जवळ सरकली, मायेर्लिस करवंटी वाजवू लागली.

असे काही दिवस गेले. फिदेलिनाच्या तळव्यांवर चटईची नक्षी उठे. येर्सन आता तिच्यासमोरही बाकडं धरून उभा राही, आपण पकडलो गेलो अशा चेहऱ्याने. आणि एका सकाळी, गाणं अर्ध्यावर असताना, त्याने बाकडं सोडलं. एक पाऊल, हेलकावा, दुसरं पाऊल, आणि तिसऱ्याला तो सरळ तिच्या छातीवर येऊन आदळला. फिदेलिनाचे हात मांडीखालून आपोआप सुटले. ती हसत होती आणि डोळे वाहत होते, आणि दोन्हींचं तिला काही वाटत नव्हतं.

"युरलेनीला मी काही कळवलेलं नाही," देयानिरा नंतर केळी सोलताना म्हणाली. "ते तुमचं तुम्ही बघा."

रविवारी प्रार्थना आटोपली की अर्धी वस्ती टेकडीवर चढे, कारण फोन लागे तो तिथेच. कोण कुणाशी काय बोलतं हे सगळ्यांना ऐकू येई, आणि सगळे ऐकत नसल्याचं सोंग करत. क्रिसांतोने आपला फोन लावून फिदेलिनाच्या हातात दिला. येर्सन तिच्या झग्याला धरून गवतात उभा होता.

"आई! कसा आहे माझा पेरिको?" युरलेनीचा आवाज आला. "चालतो का गं?"

दर रविवारी तिचं उत्तर ठरलेलं असे: पेरिकोच तो, कुठला चालतोय. आजही ते जिभेवर तयार होतं. तेवढं म्हटलं की पुढचा रविवार येईपर्यंत पोर तिचं. पुरावा द्यायला कोण जाणार मेदेयिनला? फिदेलिनाने येर्सनकडे बघितलं. त्याने झगा सोडला होता आणि एका भुंग्याच्या मागे तो डुलत डुलत उतारावर निघाला होता. मागे वळून बघतही नव्हता.

"चालतो," ती म्हणाली.

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. "खरंच? आई, खरंच? कुणाकडे गेला गं पहिल्यांदा?"

आजूबाजूचे सगळे फोन एकदम गप्प झाले.

"माझ्याकडे आला," फिदेलिना म्हणाली. "तू ये. आता तुझ्याकडे येईल. मी हात लावणार नाही."