स्थानिक पालक

म्हैसूरच्या बोगादी रस्त्याजवळच्या त्या अकरा मजली विद्यार्थी निवासात सगळी विशीतली मुलंमुली राहत होती, आणि एकट्या वनजाबाई बासष्ट वर्षांच्या.

ती जागा आधी त्यांचीच होती. विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत त्यांचं बैठं घर होतं आणि मागच्या दोन खोल्यांत कायम कुणी ना कुणी विद्यार्थी भाड्यानं असायचा. नवरा नागेंद्र गेला, त्या स्वतः नजरबादच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्या, मुलगा शशांक लग्न करून गावाच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळला, नोकरीच्या जवळ राहायला गेला. मग एक बिल्डर आला. शेजारच्या दोन जागा त्यानं आधीच घेतल्या होत्या. वनजाबाईंनी एकच अट घातली, तिसऱ्या मजल्यावरचा एक लहान फ्लॅट आपल्याला राहायला हवा.

गल्लीतल्या लोकांना हे आवडलं नाही. समोरच्या अनुसूयाबाई तर तोंडावर म्हणाल्या, "वनजा, तुझ्या बिल्डिंगनं माझं ऊन खाल्लं बघ. मल्लिगेच्या वेलाला कळ्याच येईनात."

ते खरंच होतं. तरी अनुसूयाबाईंच्या घरी जाणं वनजाबाईंनी थांबवलं नाही. दोघी कॉफी पीत, आणि अनुसूयाबाई दर वेळी उन्हाबद्दल बोलत.

चैत्रालीची आणि त्यांची ओळख लिफ्टमध्ये झाली. पाठीवर बॅग घेतलेली ती सडपातळ मुलगी फोनवर आईशी बोलत होती. इथलं जेवण जात नाही, कानडी कळत नाही, प्रॅक्टिकलला जोडीदार मिळत नाही, मी परत येते, असं सगळं रडत रडत चाललं होतं. आजूबाजूला कुणाला मराठी कळत असेल हे तिच्या मनातही नव्हतं. तिसरा मजला आला. वनजाबाईंनी लिफ्टचं दार हातानं धरून ठेवलं आणि विचारलं, "सकाळपास्नं काय खाल्लंस की नाही?"

चैत्रालीनं फोन खाली घेतला. "काकू, तुम्हाला मराठी येतं?"

"येतं म्हणजे? घरात तेच बोलतो की आम्ही. आजोबांच्या आजोबांपास्नं इथंच आहोत, तरी भाषा काय सोडली नाही. ये, सारू-भात आहे. उगं लाजू नको."

चैत्राली नांदेडची, अन्नतंत्रज्ञान शिकायला आलेली. त्या दिवशी तिनं तीनदा भात घेतला. मग ती रोजच डोकवायला लागली. वनजाबाईंचं 'अय्यो' आणि 'हरकत नाही'च्या जागी 'परवागिल्ला' ऐकून ती हसायची, आणि तिचं भराभर बोलणं ऐकून वनजाबाई म्हणायच्या, "जरा मेल्लगं बोल ग. सावकाश. अर्धं कळतं, अर्धं रेल्वेसारखं निघून जातं."

वर्ष संपता संपता निवास चालवण्याचं काम एका नव्या कंपनीकडे गेलं. कंपनीचा मॅनेजर रविकिरण एका सकाळी वनजाबाईंकडे आला. तिशीचा, नम्र मुलगा. खुर्चीच्या टोकावर बसून तो कसाबसा म्हणाला, "अम्मा, वाईट वाटून घेऊ नका. फ्लॅट तुमचाच आहे. पण नव्या नियमाप्रमाणे इथं फक्त कुठंतरी प्रवेश घेतलेले विद्यार्थीच राहू शकतात. फ्लॅट आम्ही भाड्यानं देऊ, भाडं तुम्हाला मिळेल. पण राहता नाही येणार."

"म्हणजे माझ्याच घरात मी बेडा, नको झाले?"

रविकिरणनं मान खाली घातली. "वरून आलंय, अम्मा."

शशांकला कळलं तेव्हा त्याला मनातून बरंच वाटलं. आई त्या पोरांच्या गलक्यात एकटी राहते हे त्याला कधीच पटलं नव्हतं. शनिवारी येऊन तो तिला हेब्बाळला घेऊन गेला. सुनेनं, पावनीनं, खोली आधीच लावून ठेवली होती. खिडकीला नवे पडदे, उशाशी पाण्याचा तांब्या, देवांसाठी कोनाडा. पावनी मनापासून चांगली होती.

सोमवारी दोघं कामावर गेली. वनजाबाई गॅलरीत उभ्या राहिल्या. कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक गेल्या, दुचाक्या गेल्या, आणि मग रस्ता रिकामा झाला. त्यांनी भाजी चिरली, पेपर वाचला, झोपल्या, उठल्या. संध्याकाळी पावनीनं विचारलं, "बोअर झालं का, अम्मा?" त्या म्हणाल्या, "छे, छान आहे की." मंगळवारही तसाच गेला. आठवडा संपला तेव्हा 'सामान आवरायचं राहिलंय' असं सांगून त्या बोगादीला परतल्या.

सामान आवरायला चैत्राली आली. खोक्यात भांडी भरता भरता ती वैतागून म्हणाली, "फक्त विद्यार्थीच राहू शकतात ना? मग तुम्ही व्हा की विद्यार्थी! मुक्त विद्यापीठ तर इथंच आहे, चालत जाण्यासारखं."

ती गमतीनं बोलली होती. वनजाबाई मात्र हातातला डबा तसाच धरून उभ्या राहिल्या. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांचे वडील गेले होते. वडिलांच्या जागी नोकरी मिळाली, धाकट्या बहिणींची शिक्षणं होती, आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. त्याचं दुःख करत बसायला त्यांना वेळही मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीची साडी नेसून त्या मुक्त विद्यापीठाच्या कार्यालयात गेल्या. खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, "कुणाचा प्रवेश? नातीचा?"

"माझा," वनजाबाई म्हणाल्या. "बी.ए. पहिलं वर्ष. इतिहास घेते."

रविकिरणनं ती पावती पाहिली आणि तो आधी हसला. मग त्याला कळलं की बाई खरंच बोलताहेत. त्यानं वरच्या साहेबांना फोन लावला. बराच वेळ 'येस सर, येस सर' चाललं. फोन ठेवून तो म्हणाला, "नियमात वयाचं काही लिहिलेलं नाही म्हणाले. तुम्ही राहा, अम्मा. पण सगळे नियम लागू होतील. रात्री साडेनवाच्या आत परत यायचं. आणि..." तो अडखळला. "स्थानिक पालकाची सही लागेल."

"माझा पालक?"

"मैसूरमध्ये राहणारं जवळचं कुणीतरी."

रविवारी शशांक आला. वनजाबाईंनी त्याच्यापुढे कागद ठेवला. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरत गेला.

"हे काय आहे, अम्मा? मी आईला हॉस्टेलात ठेवलं म्हणतील लोक. आणि सही पण माझीच!"

"लोकांना दुसरं काय काम आहे, रे."

"लोकांचं सोड. आम्ही काय कमी केलं ते सांग. पावनीनं त्या खोलीसाठी किती केलं. ती रडली, माहितेय तुला? आपलं काय चुकलं म्हणून."

वनजाबाईंना हे माहीत नव्हतं. त्या त्याच्या शेजारी येऊन बसल्या.

"तिचं काय चुकलं नाही. तुझं पण नाही," त्या हळू म्हणाल्या. "पण तिथं मी दिवसभर तुमची वाट बघते, शशी. तुम्ही आलात की बरं वाटतं, तुम्ही गेलात की परत वाट बघते. अष्टे, एवढंच. इथं कोण ना कोण दार वाजवतं. कुणाला ताप आला, कुणाला आमटीला चिंच पाहिजे. मागच्या खोल्यांतली इतकी पोरं शिकून गेली. दर वर्षी कुणीतरी पेढे आणून हातावर ठेवायचा. दुसऱ्यांच्या पास होण्याचे पेढे किती खायचे मी?"

"तुला शिकायचं होतं हे तू कधी बोलली नाहीस."

"मलाच कुठं ठाऊक होतं?"

शशांक उठला. कागद त्यानं तसाच टेबलावर ठेवला आणि 'बघतो' एवढंच म्हणून तो गेला. त्या संध्याकाळी वनजाबाईंनी भरलेली खोकी उघडली नाहीत. चैत्राली आली, त्यांचा चेहरा बघून काही न विचारता दोघींसाठी चहा करून घेऊन बसली.

बुधवारी शशांक ऑफिसातून परस्पर आला. बरोबर पावनी होती. वनजाबाईंनी दार उघडताच पावनी त्यांचा हात धरून म्हणाली, "शनिवार-रविवार मात्र आमचा. ते कबूल असेल तरच सही."

"कबूल," वनजाबाई म्हणाल्या. "आणि तुझ्या त्या खोलीत माझी पुस्तकं ठेवीन. इथं पोरं नेतात आणि परत देत नाहीत."

पावनी डोळे पुसत हसली. तिघंही खाली ऑफिसात गेली. शशांकनं सही केली. 'विद्यार्थ्याशी नातं' या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं.

"मुलगा लिहा, सर," रविकिरण म्हणाला. "आतापर्यंत या रकान्यात असं कुणी लिहिलं नव्हतं."

त्यानंतर वनजाबाई नवव्या मजल्यावरच्या अभ्यासिकेत बसू लागल्या. सुरुवातीला मुलं त्यांना बघून आवाज बंद करत, पुढे सवय झाली. पानभर वाचलं की झोप यायची आणि सनावळ्या लक्षात राहत नसत. चैत्राली आपली प्रॅक्टिकलची वही बाजूला ठेवून त्यांची उजळणी घ्यायची. तिलाही आता प्रॅक्टिकलला जोडीदार मिळाली होती, मंड्याची एक मुलगी. तिच्याशी ती मोडक्यातोडक्या कानडीत भांडायची सुद्धा.

परीक्षेच्या सकाळी शशांक दुचाकी घेऊन दारात हजर झाला. वनजाबाई मागे बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. केंद्राच्या फाटकाशी उतरल्यावर त्यांनी पर्समधलं हॉलतिकीट पुन्हा एकदा काढून पाहिलं.

"पेन दोन घेतलीस?" शशांकनं विचारलं.

"घेतली."

"पाणी?"

"आहे रे. तू जा, तुला ऑफिसला उशीर होईल."

"जाईन. तू आत जा आधी."

पोरापोरींच्या गर्दीतून त्या आत गेल्या. वळून पाहिलं तर तो अजून फाटकाशीच उभा होता, हेल्मेट हातात घेऊन.

निकाल लागला तेव्हा वनजाबाई एका विषयात नापास झाल्या होत्या, आणि तोही इतिहास. हे त्यांनी शशांकला दोन दिवस सांगितलंच नाही. अखेर त्याचाच फोन आला.

"अम्मा, निकाल लागला म्हणे?"

"लागला. एक राहिला."

पलीकडे खाकरल्याचा आवाज आला. मग शशांक गंभीरपणे म्हणाला, "अभ्यास केला होतास का नीट?"

वनजाबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की स्वयंपाकघरातून चैत्राली धावत आली.