येतो

रेयांशची मुंज दुबईत हॉल घेऊन करायची की पुण्याला जाऊन, यावर घरात महिनाभर वाद झाला आणि शेवटी ती पुण्यालाच झाली, ते २०२३ साल. त्या वर्षी रेयांशचा आजोबा प्रकाश दाबके एका बेटावरच्या धावपट्टीवर नोकरीला होता. बायको शोभना, मुलगा दर्शन, सून सुरुची आणि नातू दुबईजवळ अजमानला राहत.

कंपनी लहान. विमानं दोनच, पंख्याची, एकोणीस खुर्च्यांची. पूर्वी ती जपानात अशाच चिमुकल्या बेटांवर माणसांची ने-आण करत. दारांवर अजून जपानी अक्षरं होती, आणि विमानांच्या सामानातच आल्यासारखा म्हातारा पायलट होता, कॅप्टन मोरिता. प्रकाशचं काम वजनाच्या काट्याचं. माणूस असो की पेटी, काट्यावर चढल्याशिवाय विमानात चढायचं नाही. उडण्याआधी मोरिता रोज त्याला हात करून म्हणे, "इत्तेकिमास." प्रकाशने एकदा अर्थ विचारला, तेव्हा मोरिताने बोटाने हवेत एक फेरा काढला आणि म्हणाला, "गो, अँड कम."

शोभनाचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा तिनेच सांगितलं होतं, "अहो, उगाच धावत येऊ नका. दर्शन आहे इथे. गुरुवारी सुट्टी आहेच की तुमची."

त्याने ऐकलं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्याने फोन लावला. आत नर्स शोभनाला तपासत होती, म्हणून फोन रेयांशने घेतला.

"आजीला म्हणावं, घाबरू नकोस. बरं, येतो रे."

"ओके आबा, आय विल टेल हर!"

थोड्या वेळाने सुरुचीचा फोन आला. "बाबा, किती वाजता पोचताय?"

"कुठे?"

"कुठे काय? येतो म्हणालात ना! आईंनी केस विंचरून घेतले, डॉक्टरांना सांगितलं, मिस्टर आले की मग न्या. त्यांनीही नंबर शेवटी घेतलाय."

"अगं, ते फोन ठेवतानाचं येतो! जातो कसं म्हणायचं?"

"रेयांशला काय कळणार ते? आता सांगू का आईंना, की येत नाहीत?"

प्रकाशला शोभनाचे विंचरलेले केस दिसले. "नको सांगूस," तो म्हणाला.

दुपारच्या विमानात खुर्ची होती, वजन नव्हतं. मासळीचा व्यापारी अन्वर याच्या हमूर माशांच्या पेट्यांनी ते भरलं होतं. प्रकाश मोरिताकडे गेला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने सगळं सांगितलं: आमच्यात जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात, आणि नातवाला ते खरंच वाटलं.

मोरिता हसला नाही. "इत्तेकिमास," तो म्हणाला. "सेम." मग अन्वरकडे वळून, "फिश, टुमारो."

अन्वरने प्रकाशला काट्यावर उभं केलं. "अरे प्रकाशभाई, आप तो मेरे तीन बॉक्स खा गए! चलो, यल्ला. हमूर बर्फ में रह लेगा, भाभी को मत रुकाओ."

तीन पेट्या उतरल्या, बाकीच्या खुर्च्यांवर तशाच राहिल्या. कामावरच्या जोडीदाराने काटा सांभाळला. विमान उतरल्यावर प्रकाशने टॅक्सी पकडली.

शोभना स्ट्रेचरवर होती. त्याला पाहून तिने नाक मुरडलं. "मासळीचा वास येतोय तुमच्या अंगाला."

"शेजारच्या सीटवर हमूर होता."

"खरं सांगा, रेयांशने घोळ घातला ना? तुम्ही आपलं नेहमीचं येतो म्हणाला असाल."

"तुला कळलं होतं?"

"इतक्या वर्षांत कळणार नाही? पण म्हटलं, थांबून तर बघू." वॉर्डबॉयने स्ट्रेचर हलवलं तेव्हा तिने त्याचा हात सोडला. "येते हं."

ती आली. आठवडाभराने चालायलाही लागली. प्रकाशने बेट सोडलं आणि पगार थोडा कमी घेऊन शहरातल्या काउंटरवर बदली मागून घेतली. मोरिताला त्याने सांगितलं, तेव्हा मोरिताने फक्त विचारलं, "शी कम?" प्रकाश म्हणाला, "कम."

शोभना २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, सतरा तारखेला, अजमानच्या घरी सकाळचा चहा झाल्यावर वारली. प्रकाश तेव्हा स्वयंपाकघरात कप विसळत होता.