ट्रॅक्टर गप्प झाला तेव्हा

"खरं सांगा मिस्त्री, याला गप्प करायचं कोणाच्या डोक्यातून निघालं?"

मिस्त्रीचं डोकं बॉनेटखाली होतं आणि ते बाहेर काढायची त्याला काही घाई दिसली नाही. आधी पाना फिरल्याचा आवाज आला, मग उत्तर.

"वहिनी, जुनं इंजिन आहे. जरा शांत चाललं तर त्यालाच बरं."

"त्यालाच म्हणजे कोणाला?"

"इंजिनाला. आणखी कोणाला?"

ती पायरीवर सूप घेऊन बसली होती. धान्य निवडणं हे निमित्त. लक्ष सगळं अंगणात होतं. जुना सायलेन्सर गंजून चाळणी झालेला, तो भिंतीशी टाकून दिलेला. त्याच्या जागी नवा आला होता. बॉनेट जिथे टेकतं तिथे रबराची पट्टी चिकटवली होती, मडगार्डचे खडखडणारे बोल्ट आवळले होते, पायाखालच्या पत्र्यावर जाड रबराची चटई घातली होती. एवढ्यावर भागलं असतं तर तिने सोडून दिलं असतं. पण सीटवर कानावर चढवायचे दोन मोठाले कप ठेवलेले होते, आणि असली चैन तिच्या नवऱ्याने जन्मात केली नव्हती. गेल्या हिवाळ्यात मफलर घे म्हटलं तर म्हणाला होता, कान काय पळून चाललेत?

"इतकी वर्षं बोंबलत होता तेव्हा इंजिनाचं बरं-वाईट कोणाला सुचलं नाही ते?"

"मला नका विचारू वहिनी. त्यांनी सांगितलं तसं केलं." मिस्त्रीने एकदाचं डोकं बाहेर काढलं, पण बघितलं ते हातातल्या फडक्याकडे. "तुम्ही त्यांनाच विचारा ना."

तिथेच तिला कळलं की मिस्त्रीला सगळं ठाऊक आहे.

गावात तिच्या नवऱ्याला भोंगा म्हणत. आधी हे नाव ट्रॅक्टरचं होतं, मग त्याला चिकटलं. उघड्या ट्रॅक्टरवर आयुष्य काढलेला माणूस. त्याचं बोलणंही त्या आवाजाच्या मापाचं झालं होतं. घरात पाणी मागितलं तरी शेजारी दार उघडून बघत. स्वतःचं रान थोडं, त्यामुळे लोकांच्या नांगरटी करून घर चाललेलं. लग्न होऊन आली तेव्हा त्या आवाजाने तिचं डोकं उठायचं. नंतर तिने त्या आवाजालाच कामाला लावलं. चढावर तो भरडा व्हायचा, ओढ्याकडच्या वळणावर क्षणभर बुडायचा, बांधाशी येऊन थांबला की धपापत राहायचा. चुलीशी बसून तिला नवऱ्याचा ठावठिकाणा कळायचा. डबा कधी भरायचा, चहाचं आधण कधी ठेवायचं, हे घड्याळाला विचारायची वेळ तिच्यावर आली नाही.

आता ट्रॅक्टर रानात गेला की गेला. चालतोय का उभा आहे, कुठल्या अंगाला आहे, काही पत्ता लागत नव्हता. नवरा चप्पल हातात घेऊन घराबाहेर पडावा तसं तिला वाटायला लागलं.

तिने त्याला विचारलं नव्हतं असं नाही. मिस्त्री गेल्यावर त्याच संध्याकाळी तो हातपाय धूत असताना तिने पाठीमागून विचारलं, "आवाज कशाला कमी केला हो?"

त्याने तोंड पुसलं, टॉवेल दोरीवर टाकला आणि आत निघून गेला.

हे अलीकडचंच. ती बोलायची आणि तो भिंतीकडे बघायचा. फार तर "हां हां" म्हणायचा. तेच फाटकातून मिस्त्रीने हाक मारली की लगेच "आलो!" दूधवाल्याशी तासभर गप्पा. हसणंबिसणं व्यवस्थित. माणसाची वाचा बसली नव्हती, बायकोपुरती बसली होती. एकदा तिने परीक्षाच घेतली. तो जेवत असताना भांडी आवरता आवरता, आवाज अजिबात न चढवता म्हणाली, "मागच्या खोलीला आग लागलीय."

"बरं," तो म्हणाला आणि त्याने भाताला हात घातला.

त्या दिवशी भांडी तशीच टाकून ती पाटावर बसली. एवढा नकोसा झाला आपला शब्द?

आणि मग रोपवाली होती.

ओढ्यापलीकडच्या रानाला लागून एका बाईने रोपवाटिका घातली होती. विधवा, आडव्या हाडाची, सकाळपासून चिखलात उभी राहणारी. भोंगा हल्ली त्या अंगाची कामं जास्त घेत होता. तिकडून आला की खिशात टोमॅटोची रोपं, मिरचीची रोपं. "कोणी दिली?" म्हटलं की "हां हां". परसात लावायला आता जागा उरली नव्हती. या वयात असलं काही मनात आणायची तिला लाज वाटत होती. पण मनात यायचं ते येतच होतं. आवाज असता तर ट्रॅक्टर कुठे किती वेळ उभा राहतो ते घरबसल्या कळलं असतं. म्हणूनच तर तो घालवला. हिशोब सरळ होता.

शेवटी एके दिवशी डबा घेऊन ती नेहमीपेक्षा लवकर निघाली आणि बांधाने न जाता ओढ्यातून गेली.

ट्रॅक्टर रोपवाटिकेच्या कुंपणाशी उभा होता. बंद. नांगर अर्ध्या सरीत तसाच रुतलेला. हिरव्या जाळीच्या सावलीत एक बाकडं होतं, त्यावर भोंगा बसला होता आणि शेजारी रोपवाली. त्याच्या उजव्या अंगाला, चांगली चिकटून. ती काहीतरी सांगत होती आणि तो हसत होता. "हां हां" नव्हे. मान मागे टाकून, मांडीवर थाप मारून हसत होता. मग त्याने काही विचारलं, तिने उत्तर दिलं, त्याने पुन्हा विचारलं.

हातातला डबा सावरत ती जाळी बाजूला सारून आत गेली.

"चाललंय ते चालू द्या," ती म्हणाली. "मी डबा ठेवायला आले होते."

भोंग्याने तिच्याकडे बघितलं, मग डब्याकडे. उठला. "अगं, तू इकडून कुठून?"

"मी इकडून कुठून ते राहू द्या. तुम्ही इथे काय करताय ते बोला. घरी तोंड उघडत नाही आणि इथे दात दाखवताय!"

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ओठांकडे. कपाळावर आठी, बारीक अक्षर वाचताना येते तशी.

रोपवाली उठून उभी राहिली. बोलली तेव्हा आवाज असा निघाला की एखादा पुरुषच बोलतोय. खरखरीत, जड, छातीच्या तळातून आलेला. "ताई, बसा आधी. पाणी घ्या." मग भोंग्याकडे वळून त्याच जाड आवाजात, "दादा, सांगून टाका आता त्यांना. मी तेव्हाच म्हटलं होतं. मिस्त्रीला सांगता, मला सांगता, आणि घरात चोरी!" एवढं बोलून ती पाण्याची झारी उचलून रोपांच्या पलीकडच्या रांगेत निघून गेली.

तो बाकावर पुन्हा बसला. कानावरचे ते कप गळ्यात अडकलेले होते, त्यांच्याशी चाळा करत राहिला.

"डॉक्टरकडे गेलो होतो," तो म्हणाला. नेहमीच्या भोंग्यात म्हणाला, त्यामुळे ते सगळ्या रोपवाटिकेला ऐकू गेलं. "कान गेलेत."



त्याने सांगितलं ते असं. पेरणीच्या आधी एका शेतकऱ्याच्या रानात ट्रॅक्टर मागे घेत होता. त्या शेतकऱ्याची चिमुरडी मागून ओरडत होती. त्याला काही ऐकू आलं नाही. बाप ओरडला ते ऐकू आलं, म्हणून ब्रेक लागला. नांगराचा फाळ आणि पोर यांच्यात फार जागा उरली नव्हती. त्यानंतर तो तालुक्याला जाऊन कान तपासून आला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ट्रॅक्टरच्या आवाजाने खाल्लेत. नांगराकडे बघायला मान सारखी उजवीकडून मागे वळवायची, त्यामुळे डावा कान कायम पुढच्या सायलेन्सरच्या तोंडाशी. तो जास्त गेलाय. गेलेलं परत यायचं नाही. आहे तेवढं राखायचं तर आवाज कमी करा.

"म्हणून मग सगळं आवळलं. हलक्या कामाला आता वरचा गिअर टाकतो, थ्रॉटल कमी ठेवतो, इंजिन कमी बोंबलतं. पोरांना आधी बापाच्या हातात दिल्याशिवाय चावी फिरवत नाही. पण भोंगा बहिरा झाला असं कळलं तर रानात कोण घेईल मला? म्हणून बोललो नाही कोणाला."

"मी कोणातली?" तिने विचारलं.

तो ओठांकडे बघत होता, तरी कळलं नसावं. तिने पुन्हा विचारलं, अगदी समोर जाऊन, एकेक शब्द सोडवून. "हिला सांगितलं. मला का नाही?"

"हिचं ऐकू येतं," तो म्हणाला. "मिस्त्रीचं येतं. दूधवाल्याचं येतं. जाड आवाज पोचतात. बारीक आधी जातात, डॉक्टरीण म्हणाली. बायकांचे, पोरांचे." पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला, इतका की तिलाच कान द्यावा लागला. "तुझे ओठ हलताना दिसतात फक्त. कधीपासून, ते मलाही नीट माहीत नाही. हे तुला काय तोंडाने सांगू?"

पलीकडे झारीतून पाणी पडत होतं. तिला उगाच वाटून गेलं की मनात होतं तेच लफडं निघालं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

"डबा खाऊन घ्या," ती म्हणाली आणि डबा त्याच्या हातात दिला.

संध्याकाळी तो जेवायला बसला. ती नेहमी त्याच्या डावीकडे बसायची, चूल त्या बाजूला म्हणून. आज तिने पाट उचलून उजवीकडे टाकला. तो बघत होता.

"भाजी वाढू?" तिने विचारलं.

तो खाली मान घालून जेवत राहिला.

तिने हनुवटी आत ओढली, श्वास पोटात घेतला आणि आवाज ओढून ओढून खाली नेला, विहिरीत पोहरा सोडावा तसा. निघाला तो कोणा परक्या बाप्याचा आवाज होता. त्याने घसा खरवडला. स्वतःलाच ऐकून तिला कसंतरी झालं.

"भाजी वाढू?"

त्याने झटकन मान वर केली. "वाढ की."

तिने वाढली. मग त्याच आवाजात सांगितलं की परसातल्या मिरच्यांना फूल आलंय. कोपऱ्यावरच्या वाण्याने दुकानाला नवा रंग दिलाय, आणि तो अगदी वाईट आहे. थोरल्या लेकीचा निरोप आलाय, सुट्टीत येतेय म्हणून. तो प्रत्येकाला काहीतरी म्हणाला. वाण्याच्या रंगाला हसला. जेवण लांबलं. तिचा घसा दुखायला लागला तेव्हा तो म्हणाला, "आज लई बोलतेस."

"हं," ती म्हणाली, जाड आवाजात.

तो हात धुवायला गेल्यावर ताटातलं खरकटं घेऊन ती परसात आली. कोंबड्या कुंपणापाशी विखुरल्या होत्या. तिने घसा खाकरला, इकडेतिकडे बघितलं आणि आपल्या आवाजात हाक मारली, बारीक, शेवटाला जरा उंच चढणारी. सगळ्या कोंबड्या धावत आल्या.