दानम्माचा वानोळा

अर्जाला जोडलेले चोवीस अंगठे बघितले आणि बुद्धप्रियाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. तेहतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली बाई ती. राबून राबून झिजलेल्या म्हाताऱ्या अंगठ्याचा ठसा कसा पुसट उठतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. हे अंगठे मात्र एकजात ठसठशीत होते. आणि त्यांतले तीन-चार तर अंगठेच नव्हते, करंगळ्या होत्या.

नांदेडातल्या निवृत्त नर्सा, मास्तर आणि बँकेतली मंडळी यांनी मिळून एक मदतनिधी उभा केला होता. नांदेड-लातूरच्या खेड्यापाड्यांत अडल्यानडल्या लोकांसाठी कुणी खरोखर काही करत असेल, तर त्याला वर्षभराचं अनुदान द्यायचं, असा सरळ हिशेब. अर्ज आला की गावी जाऊन पाहणी करायचं काम बुद्धप्रियाबाईंचं, आणि त्यांची शिफारस म्हणजे मंजुरीच. गेल्या साली लोह्याकडच्या एका गावात त्या अकरा शिलाई मशिनी आणि अकरा विधवा बघून आल्या, उपमा खाल्ला, शिफारस लिहिली. पुढं कळलं की मशिनी एका टेलराच्या होत्या, आणि अकरापैकी सात जणींचे नवरे हट्टेकट्टे होते. समितीतलं कुणी रागावलं नाही. "होतं असं, बाई," म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. बाईंनी तेव्हाच कानाला खडा लावला.

हा अर्ज जळकोट तालुक्यातल्या उंबरदऱ्याच्या दानम्माचा होता. दसरा झाला की अर्धं उंबरदरा ऊसतोडीला जातं आणि म्हातारी माणसं मागं उरतात. अशा चोवीस जणांना दानम्मा रोज एक वेळ जेवण देते, असं अर्जात लिहिलं होतं. दोन वर्षं तिनं घरच्या ज्वारीवर भागवलं. यंदा ज्वारी संक्रांतीपर्यंतच पुरणार होती. अनुदान आलं नाही तर संक्रांतीला चूल बंद, आणि माणसं परतणार ती पाडव्याच्या पुढं.

"लिहायला काय जातंय," असं म्हणत बुद्धप्रियाबाईंनी पिशवी भरली आणि जळकोटची एसटी धरली.

समाजमंदिरात पंगत बसलेली होती. चोवीस म्हणजे बरोबर चोवीस, एक कमी नाही की एक जास्त नाही. इथंच बाईंना पहिला खडा लागला. चोवीस म्हातारी माणसं असली की एकाला ताप असतो, एक रुसलेला असतो, एक झोपलेला असतो. दारातल्या चपला बघितल्या, तर सगळ्यांवर लाल मुरमाची धूळ. गावातली माती काळीभोर. पंगतीच्या टोकाला किशनराव नावाचे मोठ्या पटक्याचे गृहस्थ बसले होते. दोन घास खाऊन ते पत्रावळीशी नुसते खेळत होते. उपाशी माणूस असं जेवत नाही.

"काका, रोज वाढतं कोण तुम्हाला?" बाईंनी गोड आवाजात विचारलं.

किशनरावांनी इकडंतिकडं बघितलं. "ह्याच की. ह्या बाई."

"नाव काय त्यांचं?"

"नाव..." किशनराव घुटमळले. मग त्यांनी दानम्मालाच हाक मारली, "ओ बाई, जीप कवा सुटती? म्हैस पिळायची हाय मला."

म्हैस पिळणारे निराधार! बाईंनी फाईल मिटली. राग आला, पण त्याहून जास्त एक प्रकारचा आनंद झाला, हे मान्य करायला हवं. या खेपेला त्या फसल्या नव्हत्या.

दानम्मा पन्नाशीची, ठेंगणी, कपाळावर भस्माचं बोट ओढलेली विधवा. तिनं नाकारलं काहीच नाही.

"हाव मॅडम. शेजारच्या वाडीची मानसं हायत. मीच आनली."

"आणि हे अंगठे?"

"माझेच."

"दहा बोटांत चोवीस कसे बसवलेत?"

"फिरून फिरून," दानम्मा खाली मान घालून म्हणाली. "मंग सुनंचे घेतले थोडे."

बाईंना हसू आलं आणि त्यांनी ते गिळलं. "म्हणजे तुमचे म्हातारे नाहीतच."

"हायत की. पर ते पंगतीला येत न्हाईत. मेले तरी येनार न्हाईत. त्यांना ठावंच न्हाई मी त्यांना जेवू घालून राहिले म्हनून."

आता ही नवी गोष्ट सुरू झाली, असं बाईंच्या मनात आलं. टेलराकडंही गोष्टींचा तोटा नव्हता. पण दानम्मा त्यांना घरी घेऊन गेली. परसात एका फळीवर डबे पालथे घातले होते, आणि शेजारी सुपात चिंचेचा गोळा, दोन कांदे, मूठभर तूर, चार लाल मिरच्या, गुळाचा खडा असं काहीबाही पडलेलं होतं.

"म्हणजे म्हाताऱ्यांकडून वस्तू घेता?" बाईंचा आवाज चढला.

"घेते म्हंजे? वानोळ्याचं भांडं कुनी रिकामं परत करतं का, मॅडम?"

बाईंनी सुपातला गुळाचा खडा उचलून बघितला. नांदेडात त्यांची आईही शेजारणीची वाटी कधी रिकामी पाठवत नसे. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची.

दानम्मा सांगत गेली. कधी म्हणायचं, आज भाकरी जास्तीच्या झाल्या. कधी म्हणायचं, परसातली वांगी उतरली, चव बघा. कधी नैवेद्य, कधी भाचा आला होता म्हणून डाळीचं कोरड्यास जास्त झालं. रोज एक निमित्त काढायचं, संध्याकाळी पदराआड डबा न्यायचा. म्हातारी माणसं वानोळा घेतात. जेवण दिलं तर फेकून देतील. "दोन वर्सं ते मला ईचारत न्हाईत आन् मी सांगत न्हाई. तुमी बी ईचारू नका. पाया पडते."

खरं तर इथंच थांबायला हरकत नव्हती. पण 'पाया पडते' म्हणणाऱ्या माणसाचा बाईंनी गेल्या साली फार अनुभव घेतला होता. विचारू नका म्हणतात, तिथंच पाणी मुरत असतं. त्यांनी यादीतलं एक नाव निवडलं आणि दानम्माला घरीच बसवून एकट्या निघाल्या.

साखराबाईचं घर गल्लीच्या तोंडाशी होतं. म्हातारी उंबऱ्यात बसून वाती वळत होती. सत्तरीपार, अंगावर मांस नाही, पण लुगडं स्वच्छ आणि मान ताठ. नांदेडची बाई म्हटल्यावर तिनं घोंगडी अंथरली. बाईंची नर्सची नजर घरभर फिरली. चूल थंड होती, राख शिळी होती आणि पिठाच्या डब्यावर कोळ्यानं जाळं धरलं होतं.

"जेवलात का, आजी?"

"जेवले की. लेकानं समदं भरून ठिवलंय. माझा शिवम लई जीव लावतो मला. पाडव्याला येतो म्हनला हाय."

"दानम्मा काही आणून देते का?"

"दानू? ती वानोळा धाडती कवामवा. आमचं येनंजानं हाय. तिची तिन्ही बाळंतपनं म्या केली."

सगळं जुळत होतं. चूल, राख, पीठ आणि वानोळा. नर्सला जे कळायचं ते कळलं होतं. पण समितीपुढं कळलेलं चालत नाही, कागद लागतो. आणि टेलराच्या प्रकरणानंतर बाईंना स्वतःच्या कळण्यावरच भरवसा उरला नव्हता. एक खरा अंगठा मिळाला की झालं, असा विचार करून त्यांनी फाईल उघडली.

"इथं एक अंगठा द्या, आजी. सरकारी नाही, आमच्या निधीचं आहे. तुमच्याच जेवणाची सोय आहे."

"वाचा बरं, काय लिवलंय."

बाईंनी वाचलं. छापील फॉर्म होता, त्यात बदल करायची पद्धत नव्हती. "साखराबाई ग्यानोबा. वय बाहत्तर. निराधार. मुलगा असून सांभाळत नाही. रोजचे जेवण दानम्मा यांच्याकडून मोफत."

साखराबाईच्या हातातली वात तशीच राहिली.

"फिरून वाचा."

बाईंनी फिरून वाचलं. या खेपेला शेवटाकडं त्यांचा आवाज बारीक झाला.

"माझा शिवम सांभाळत न्हाई?" म्हातारी म्हणाली. "दानूनं लिवलं असं?"

"तसं नव्हे, आजी. फॉर्ममध्ये दोनच रकाने असतात, सांभाळतो नाहीतर सांभाळत नाही..."

"हां." साखराबाईनं अंगठा पुढं केला. "पायजे ना तुमाला? घ्या."

ठसा पुसट उठला, रेषा धड दिसेनात. असाच तर बाईंना हवा होता.

दानम्माच्या ओसरीवर बसून त्यांनी शिफारस लिहिली. चार ओळींत कुठंही जर-तर ठेवलं नाही. दानम्माचे डोळे भरून आले. ती आत जाऊन भाकरी थापायला बसली, आणि आपण एका चांगल्या बाईवर उगीच संशय घेतला म्हणून बुद्धप्रियाबाई तिला भाजी चिरू लागल्या. शेवटच्या एसटीला अजून वेळ होता.

ऊन उतरल्यावर दानम्मा दोन पाट्यांत डबे घेऊन निघाली. एक पाटी बाईंनी उचलली. गल्लीच्या तोंडाशी साखराबाई उभीच होती, जणू वाट बघत.

"काकू, आज वरन्याच्या शेंगा..." दानम्मानं सुरुवात केली.

"कुठं लिवनार हाईस हे?" साखराबाई म्हणाली.

दानम्माचा हात डब्यावरच थांबला.

"माझा लेक मला सांभाळतो. कुनाला ईचारायचं त्याला ईचार." ती हे एवढ्या मोठ्यानं बोलली, की गल्लीतल्या प्रत्येक घरात ऐकू गेलं असेल. ऐकू जावं म्हणूनच ती बोलली होती. मग तिनं आत जाऊन दार लावलं. आत धान्य नाही, पीठ नाही, चूल पेटलेली नाही, हे बाहेर उभ्या असलेल्या दोघींना चांगलं ठाऊक होतं.

फॉर्मची गोष्ट दुपारीच गल्लीभर झाली असावी, कारण पुढचं दार त्या पोचायच्या आत लागलं. त्याच्या पुढचंही. एका म्हाताऱ्यानं दार उघडलं, डबा हातात घेतला, आणि विचारलं, "माझं बी नाव हाय का त्यात?" दानम्मा खोटं बोलू शकली असती, अर्जावर चोवीस अंगठे तिनं खोटेच दिले होते. पण तिला बोलता आलं नाही. म्हाताऱ्यानं डबा हळूच पाटीत परत ठेवला.

बुद्धप्रियाबाईंना लाज वाटली, आणि ती बोलून दाखवायलाही कुणी नव्हतं. अन्न बंद झालेलं बाहत्तर वर्षांचं शरीर किती दिवस तग धरतं, हे त्यांना दिवसांच्या आकड्यात माहीत होतं.

एकही डबा न उतरता गल्ली संपली, तशी दानम्मानं पाटी ओट्यावर टेकवली. चोवीसच्या चोवीस डबे अजून ऊन होते. ती रागावली नाही, रडलीही नाही. पदरानं हात पुसत तिनं विचारलं,

"मंजूर झालं ना, मॅडम?"

"झालं," बुद्धप्रियाबाई म्हणाल्या.