चाखणीचा चमचा

कारखान्याच्या कँटीनचे आचारी, पण त्यांना सगळेच मामा म्हणत. साहेब म्हणत, फाटकावरचा रखवालदार म्हणे, वयाने त्यांच्याहून मोठा असलेला फिटरसुद्धा म्हणे. खरी भाची मात्र एकच होती, आणि ती सगळ्यांच्या डोक्यावर बसायची. मोठ्या शेडच्या छताखाली रुळांवरून जी क्रेन फिरते ना, तिच्या केबिनमध्ये तिची ड्यूटी. तिथून तिला खालच्या प्रत्येकाचं टक्कल दिसायचं, म्हणून तिचं नाव पडलं होतं घार.

घारीला शेंगदाणा चालत नसे. म्हणजे आवडत नसे असं नव्हे. कणभर पोटात गेला तरी तिचा घसा सुजायचा आणि श्वास कोंडायचा. लहानपणी कुणाच्या तरी घरच्या एका बिस्किटाने तिला थेट दवाखान्यात पोचवलं होतं. तिला इथे नोकरी लागली तेव्हा मामांची बहीण म्हणाली होती, "दादा, जेवण तुझ्या हातचं आहे, म्हणून पाठवतेय हो." त्या एका वाक्याने मामांच्या डोक्याला कायमचा घोर लागला.

लोकांना अर्थातच थट्टा सुचायची. "आमच्या वेळी नव्हती असली थेरं," "रोज थोडं थोडं खाल्लं की होते सवय." कँटीनच्या खिडकीपाशी रोज एखादा तरी अक्कल पाजळायचा. मामा पळी उगारून म्हणायचे, "तू आधी रोज थोडं थोडं उंदराचं औषध खायची सवय कर. जगलास तर बोलू."

घारीचं पातेलं वेगळं, झाकण निळं, सुरी वेगळी, फडकंही वेगळं. तिची भाजी सकाळी सगळ्यांच्या आधी शिजायची, शेंगदाण्याचा डबा उघडायच्याही आधी. मग डबा भरून मामा स्वतः शेडमध्ये जायचे. घार वरून दोरी सोडायची, मामा टोपलीत डबा ठेवायचे, आणि टोपली डुलत डुलत वर जायची. ती केबिनमध्ये पोचेपर्यंत मामांची मान खाली यायची नाही.

मामांच्या कमरेला मात्र एक चमचा असे. लांब दांड्याचा, सुतळीने बांधलेला, चाखायचा. त्यांच्या उस्तादाने शिकवलं होतं की न चाखता ताट बाहेर पाठवतो तो आचारी नव्हे, हमाल. मामा चमचा तोंडाला लावत नसत. थेंबभर रस्सा तळहातावर घ्यायचा, जिभेने टिपायचा, चमचा ॲप्रनला पुसायचा आणि पुढच्या पातेल्याकडे वळायचं. या स्वच्छतेचा त्यांना केवढा तोरा! हात आपोआप चालायचा, डोक्याला विचारायचासुद्धा नाही.

त्या दिवशी मोठा माल रवाना व्हायचा होता. जेवण लवकर हवं म्हणून निरोप आला, त्यात जोडीचा आचारी रजेवर. मामा एकटेच चार शेगड्यांमध्ये गरगर फिरत होते. शेंगदाण्याचं वाटण मोठ्या रश्श्यात पडलं होतं, भात वाफेवर होता, आणि घारीचं पातेलं कधी नव्हे ते शेवटी चढलं. तरी निळं झाकण, वेगळी सुरी, सगळं चोख. डबा वर गेला. मामा परत आले, बेसिनपाशी हात धुवायला लागले, आणि जरा समाधानाने मनाशी म्हणाले, बरं झालं, पोरीच्या भाजीत मीठ कमी होतं, वेळेवर चिमूटभर टाकलं.

हातातला साबण सुटला.

मीठ कमी होतं हे कळलं कसं?

त्यांनी कमरेकडे पाहिलं. चमचा लोंबत होता. ॲप्रनवर त्याच्या पुसण्याचे डाग होते, रश्श्याचे, तांबूस, वाटणाचे कण चिकटलेले.  आधी मोठा रस्सा चाखला, मग... मग कोपऱ्यातल्या शेगडीकडे वळलो का? चमचा बुडवला का? नसेल बुडवला. वासावरून कळलं असेल. पण मीठ कधी वासावरून कळतं का रे मूर्खा?

त्यांनी फोन लावला. बंद. क्रेनवर असताना ती फोन बंदच ठेवायची, नियमच होता तो. ड्रॉवरमध्ये, असा झटका आला तर मांडीत टोचायच्या इंजेक्शनचं एक पेन होतं. एक तिच्या खिशात आणि एक मामांपाशी, असा दोघांचा करार होता. पेन मुठीत धरून मामा धावले. शेगड्या तशाच पेटलेल्या.

क्रेन शेडच्या पार दुसऱ्या टोकाला होती. आकड्याला लोखंडाची अजस्र तुळई लटकत होती. खाली ट्रकपाशी माणसं उभी होती, आणि सगळ्यांपुढे हातांनी खुणा करणारा तो पोरगेला कामगार, ज्याला सगळे ट्रॅफिक म्हणायचे. मामा ओरडत होते, पण त्या खडखडाटात त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येत नव्हता.

"थांबव! तिला थांबव! डबा खाऊ नको म्हणावं!"

"काय मामा? कुणाचा डबा?"

"शेंगदाणा! शेंगदाणा गेलाय त्यात!"

ट्रॅफिकचा चेहरा उतरला. थट्टा करणाऱ्यांत तोही होता. त्याने दोन्ही हात पसरले आणि जोरजोरात हलवले. लगेच थांब. क्रेन थांबली. केबिनच्या काचेमागे घार दिसली. तिचा एक हात दांड्यावर होता आणि दुसरा गळ्यावर.

म्हणजे खाल्लं होतं. माल लावायच्या मधल्या वेळात दोन घास घेतले असणार.

"आता इंजेक्शन घे!" मामा किंचाळले. "अगं घे ना!"

पण घारीने खिशाकडे हात नेला नाही. खाली माणसं होती आणि त्यांच्या डोक्यावर तुळई. तिने बोटाने ट्रॅफिकला खूण केली, हटव सगळ्यांना. माणसं पांगली. मग तुळई खाली यायला लागली, हळूहळू, एकसारखी, जराही हिसका न देता. मामांना वाटलं ही तुळई जन्मात जमिनीला टेकणार नाही. पोरीचा श्वास अडकतोय आणि ती लोखंड सांभाळत बसलीय. त्यांना तिचा भयंकर राग आला, आणि त्याहून भयंकर राग स्वतःचा. तुळई टेकली. साखळी सैल पडली. तेव्हा कुठे घारीने पेन काढलं आणि मांडीत खुपसलं. मग ती काचेमागे दिसेनाशी झाली.

"गाडी बोलाव!" असं ट्रॅफिकला सांगून मामा शिडीला भिडले. गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला, पोट सुटलेलं, उंचीची भीती ती वेगळीच. खाली बघितलं नाही. चमचा प्रत्येक पायरीवर ठण् ठण् वाजत होता. अर्ध्यात त्यांनी सुतळीला हिसका दिला, पण गाठ उस्तादाने शिकवलेली, सुटली नाही.

घार केबिनच्या जमिनीवर बसली होती. ओठ सुजलेले, डोळे बारीक झालेले, घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. उठायला लागली, तसं मामांनी तिला दाबून खाली बसवलं, पाठीला आधार दिला आणि पाय लांब करून दिले. डॉक्टरांनी दोघांना बसवून शिकवलं होतं. उठायचं नाही, चालायचं नाही. बरं वाटलं नाही तर थोड्या वेळाने दुसरं पेन. मामा थांबले. ती शिट्टी कमी होईना. मामांनी दुसरं पेन टोचलं, आणि तिचा हात धरून तिच्या छातीकडे बघत बसले. हळूहळू शिट्टी बारीक झाली. मग खालून शिडीवर गाडीवाल्यांच्या बुटांचा आवाज आला.

जिवावरचं बोटावर निभावलं. दवाखान्यात तिला रात्रभर ठेवून घेतलं. नर्स म्हणाली, "त्रास काही तासांनी उलटू शकतो, म्हणून लक्ष ठेवायचं." मामा बाहेरच्या बाकावर बसत, उठत, पुन्हा बसत. सकाळी आत सोडलं, तेव्हा त्यांनी काहीही न लपवता सांगितलं. चमचा, मीठ, सगळं. बहिणीला काय तोंड दाखवू, असंही म्हणाले आणि रडले.



"मामा, बाहेर कुठे काही खायचं झालं तर मी दहादा विचारते," घार म्हणाली. आवाज अजून घोगरा होता. "लोक हसतात, तरी विचारते. फक्त तुझ्या हातचं डोळे झाकून खात होते."



ती कामावर परतली त्याच्या आधीच कँटीनच्या खिडकीत एक फळा लागला होता. आजच्या रश्श्यात काय काय पडलंय ते ठळक अक्षरात. पहिल्याच दिवशी पॅकिंगमधली एक बाई खिडकीशी आली आणि हळूच म्हणाली, "मामा, मला अंड्याचा त्रास होतो. लोक हसतील म्हणून बोलले नव्हते." मग ट्रॅफिक आला. त्याच्या मुलाला दूध चालत नव्हतं, आणि घरात सगळे त्याला नखरे म्हणायचे. स्वतः ट्रॅफिकही. मामांना झोप लागेना. इतकी वर्षं इतक्या माणसांना वाढलं, त्यांतली किती जण गप्प बसून, नशिबावर हवाला ठेवून जेवून गेली असतील?

घार परतली त्या दिवशी निळ्या झाकणाचं पातेलं पुन्हा सर्वांत आधी चढलं. मामांच्या कमरेला चमचा नव्हता. हात मात्र सवयीने दोनदा तिथे गेला. भाजी शिजली. मीठ किती झालं देव जाणे. आयुष्यात पहिल्यांदा मामांनी न चाखलेला डबा बाहेर पाठवला, हमालासारखा, आणि शेडमध्ये मान वर करून उभे राहिले. आज जेवणाची सुट्टी होती, यंत्रं बंद होती. काचेमागे झाकण उघडलेलं दिसलं. पहिला घास गेला. 

केबिनची खिडकी सरकली.

"मामा!" सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात घार ओरडली. "अळणी आहे!"

खालची माणसं खो खो हसली. मामांच्या स्वयंपाकाला आजवर असं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. मामांनी ॲप्रनच्या खिशातून मिठाची पुडी काढली आणि डोळे पुसत वर बघितलं.

"सोड दोरी," ते म्हणाले.