दाराखालची पाचर

"ही पाचर कधी काढू नका हो बाई. मुलं आत असताना दार उघडंच पाहिजे." काम सोडून जाताना पाळणाघरातल्या जुन्या मावशींनी एवढंच सांगितलं होतं. पाळणाघराच्या बाई हसून म्हणाल्या, "मावशी, तुमचा जीव लाकडात अडकलाय!"

मित्रांनो, ते लाकूड म्हणजे मी. मी एक जुनी पाचर आहे. चौकटीच्या उरलेल्या तुकड्यातून सुताराने मला घडवलं आणि मुलांना कुसळ टोचू नये म्हणून तीनदा घासलं. झोपेच्या खोलीचं दार मी वर्षानुवर्षं अडवून धरलं. मुलं मला कानाला लावून "हॅलो, आई?" म्हणायची. फार बरं वाटायचं.

मग नवी मदतनीस आली. "दार लावलं की पोरं पाच मिनिटांत झोपतात," ती म्हणाली. तसं झालंही. बाई खूश! माझी रवानगी खोलीतल्या खिडकीत झाली. म्हणून मला दिसलं, मुलं कशी झोपत होती ते. रडणाऱ्याला चिमटा, वर तोंडावर हात. लाकडाला ओरडता येत नाही, मित्रांनो.

गोबऱ्या गालांची एक मुलगी होती, सगळे तिला लाडू म्हणायचे. जेवण झालं की ती उंबऱ्याला घट्ट धरून बसू लागली. एकदा फ्रॉक बदलताना पाळणाघरात काम करणाऱ्या धाकट्या ताईंना तिच्या दंडावर निळे डाग दिसले.

"पडली असेल गं," बाई म्हणाल्या. "बोभाटा झाला तर पाळणाघर बंद पडेल."

"पडू दे! आधी तिच्या आईला फोन, मग बालसंरक्षण कार्यालयाला. तुम्ही करता की मी करू?"

बाईंनी लाडूकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती. बाईंनी स्वतःच फोन लावला. त्याच दिवशी मदतनिसेला मुलांपासून दूर केलं, चौकशी झाली.

आता त्या दाराला मोठी काच आहे. मला काम उरलं नाही, त्याचं दुःखही नाही. लाडू मात्र अजून दुपारी झोपत नाही. ताई तिच्याशेजारी नुसत्या बसून राहतात.

मित्रांनो, तुमचं एखादं धाकटं भावंड दिवसभर दुसऱ्यांकडे राहत असेल ना? आज त्याला जवळ घेऊन विचारा, "तुला झोपवतं कोण? कसं झोपवतं?" ते गप्प झालं, तर लगेच आईला हाक मारा.